पोराच्या हातात उद्या जाणारी गाडी आज घेताना : छोटी, परवडणारी गाडी कशी निवडायची

दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या भागात दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, पोराला कुठल्या कॉलेजला घालायचं. दुसरा जरा दबक्या आवाजात, "एखादी जुनी अल्टो, वॅगनआर बघता का आपल्यासाठी?" कारण साधं आहे. घरातला कर्ता माणूस रोज तालुक्याला जातो. कुणी पंचायत समितीत आहे, कुणी पतसंस्थेत, कुणाचं खताचं दुकान आहे. पावसाळ्यात मोटरसायकलवर हाल होतात, चाळिशी ओलांडली की मणके बोलायला लागतात. त्यात पोरगं नाहीतर पोरगी दोन-तीन वर्षांत अठराची होणार, कॉलेज ३० किलोमीटरवर, आणि सकाळची एसटी चुकली की दिवस गेला. म्हणून विचार असा होतो की आज एक छोटी गाडी घ्यावी, दोन-तीन वर्षं आपण वापरावी आणि मग पोराच्या हातात द्यावी.

विचार चांगला आहे. पण अशी गाडी घेताना नुसतं आपल्यापुरतं बघून चालत नाही. आज ती चाळीस-पंचेचाळीस वर्षांचा माणूस चालवणार, उद्या अठरा वर्षांचं नवशिकं पोर. दोघांच्या गरजा वेगळ्या. मी स्वतः अशी गाडी घेतली, एकदा फसलो, आणि त्यानंतर गावातल्या बऱ्याच जणांबरोबर गाड्या बघायला गेलो. त्यातून जे कळलं ते इथं एका जागी देतोय.

आधी वर्षांचं गणित

खासगी गाडीची नोंदणी पहिल्या नोंदणीपासून १५ वर्षं चालते. त्यानंतर गाडी आरटीओला दाखवून, पास करून दर ५ वर्षांनी नोंदणी वाढवावी लागते. एप्रिल २०२२ पासून त्याची फी मोटारीला ५ हजार रुपये झाली, आधी ती ६०० होती. वर पर्यावरण कर वेगळा.

आता तुमचं पोरगं आज १५ वर्षांचं असेल तर ते अठराचं व्हायला ३ वर्षं. तिथून पुढं कॉलेजची ३-४ वर्षं गाडी त्याच्याकडं राहणार. म्हणजे आज घेतलेली गाडी किमान ७ वर्षं टिकली पाहिजे. कुणी २०१२ ची गाडी लाख-सव्वा लाखाला देतो म्हणाला तर ती तुमच्या वापरातच १५ वर्षांची होते, आणि पोराच्या हातात पडते तेव्हा नोंदणी, कर आणि मोठं काम सगळं एकदम अंगावर येतं. २०२० ची गाडी घेतली तर २०३५ पर्यंत हा त्रास नाही. म्हणून किंमत विचारायच्या आधी नोंदणीची तारीख विचारायची. मॉडेल कुठल्या वर्षाचं आहे ते नको, आरसीवरची तारीख.

२०१९ च्या अलीकडची का

माझं स्पष्ट मत आहे की पोराला द्यायची असेल तर २०१९ च्या मध्यानंतर बनलेलीच गाडी घ्या. याला कारण आहे. एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं झालं. जोराचा ब्रेक मारला तरी चाकं लॉक होत नाहीत आणि स्टेअरिंग हातात राहतं, ते हे एबीएस. १ जुलै २०१९ पासून ड्रायव्हरची एअरबॅग, बेल्ट लावला नाही तर वाजणारा आवाज, वेग वाढल्यावर वाजणारा आवाज आणि मागं घेताना वाजणारे सेन्सर हेही सक्तीचे झाले. शेजारच्या सीटची एअरबॅग मात्र त्यानंतर आली. आधीपासून विक्रीत असलेल्या मॉडेलना ती २०२१ च्या शेवटी सक्तीची झाली. त्यामुळं बजेट थोडं ताणता येत असेल तर २०२२ ची बघा. पोर गाडी चालवणार तेव्हा शेजारी आई नाहीतर मित्र बसणारच आहे.

त्याआधीच्या गाड्यांत हे सगळं वरच्या मॉडेललाच मिळायचं. खालच्या मॉडेलमध्ये एअरबॅग तर सोडाच, पॉवर स्टेअरिंगही नसायचं. विकणारा म्हणतो, "काय करायचीय एअरबॅग, गावात कोण ऐंशीनं पळवतंय?" पण आपले रस्ते आता बदललेत. पालखी मार्ग झाला, चौपदरी झाले, गावातून बाहेर पडलं की दोन मिनिटांत मोठा रस्ता लागतो. तिथं पोरगं ऐंशीनंच पळवणार.

गाडीच्या मजबुतीबद्दल ग्लोबल एनकॅप नावाची संस्था गाड्या आदळून बघते आणि ५ पैकी तारे देते. छोट्या गाड्यांत टाटा टियागोला २०२० मध्ये मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी ४ तारे मिळाले. अल्टो के-१० ला २०२३ मध्ये २ आणि वॅगनआरला १. जुन्या अल्टो ८०० ला २०१४ मध्ये एकही मिळाला नव्हता. मारुतीनं २०२५ मध्ये अल्टो के-१०, वॅगनआर, सेलेरिओ या गाड्यांना सहा एअरबॅग द्यायला सुरुवात केली, पण त्या नव्या गाड्यांची गोष्ट झाली. आपण जी चार-पाच वर्षं वापरलेली घेणार तिला त्या नाहीत.

मग कुठली?

इथं गावागणिक भांडणं आहेत. मी माझं मत सांगतो, पटलं तर घ्या.

वॅगनआर ही आपल्याकडची सगळ्यात सोयीची गाडी. छत उंच, त्यामुळं म्हाताऱ्या माणसाला वाकून बसावं लागत नाही, फेटेवाल्या आजोबांनाही जमतं. २०१९ ला नवीन आकार आला तेव्हापासून १ लिटर आणि १.२ लिटर अशी दोन इंजिनं मिळतात. सुटे भाग तालुक्याच्या कुठल्याही दुकानात आहेत, कुठलाही मिस्त्री हात घालतो. विकताना किंमत टिकते, आणि त्यामुळंच घेताना महाग पडते. मजबुतीत मात्र कमी.

अल्टो ८०० सगळ्यात स्वस्त. तिचं उत्पादन २०२३ ला थांबलं, पण रस्त्यावर इतक्या आहेत की भाग मिळायची चिंता नाही. एकट्या माणसाच्या रोजच्या तालुका फेरीला उत्तम. चार मोठी माणसं बसली की चढाला एसी बंद करावा लागतो.

क्विड आणि एस-प्रेसो या दोन्ही जमिनीपासून बऱ्यापैकी उंच, १८० मिलिमीटरच्या आसपास. वस्तीवर राहणाऱ्या आणि ओढ्यातून, चाकोरीतून जाणाऱ्या माणसाला हा फरक कळतो. ज्यांची खाली आहे त्यांच्या इंजिनखालच्या चेंबरला दगड लागतो. क्विड घेताना एवढंच बघा की तिचं सर्व्हिस सेंटर तुमच्यापासून किती लांब आहे.

टियागो वजनाला दणकट, दार लावताना आवाजच वेगळा येतो. १.२ लिटरचं तीन सिलिंडरचं इंजिन, थोडं थरथरतं, मायलेज मारुतीपेक्षा कमी. पण पोरासाठी म्हणून घ्यायची आणि पैसे पुरत असतील तर मी टियागो घेईन. तालुक्याला टाटाचं सर्व्हिस सेंटर आहे का ते आधी बघेन.

सँट्रो आणि ग्रँड आय-१० निऑसही चांगल्या. नवी सँट्रो २०१८ ते २०२२ एवढीच विकली गेली.

एक सावधगिरी. शेवरोलेनं २०१७ च्या शेवटी भारतात विक्री बंद केली, फोर्डनं २०२१ ला कारखाने बंद करायचं जाहीर केलं, डॅटसन २०२२ ला गेली. या गाड्या बाजारात निम्म्या किमतीत दिसतात आणि मन पाघळतं. गाडी वाईट नसते. पण एखादा सेन्सर गेला की पुण्याहून मागवा, आठ दिवस थांबा, तोवर पोर एसटीनं. गाडीतली माहिती असलेला माणूस घरात असेल तरच त्या वाटेला जावं.

क्लच नसलेली, आपोआप गिअर पडणारी गाडी, जिला एएमटी म्हणतात, ती बाजारच्या गर्दीत फार सुखाची. पण जुनी एएमटी घेऊ नये असं मी म्हणेन. तिचा बिघाड तालुक्याच्या मिस्त्रीच्या हातात नाही. शिवाय पोरानं क्लच-गिअरवर शिकलेलं बरं, उद्या वेळ पडली तर पिकअपही चालवता येते.

पेट्रोल, सीएनजी की डिझेल

डिझेल छोट्या गाड्यांतून जवळजवळ संपलं. मारुतीनं एप्रिल २०२० पासून डिझेल बंदच केलं. जुनी डिझेल स्विफ्ट, इंडिका स्वस्त मिळते, पण रोज ३०-४० किलोमीटरसाठी तिचा दुरुस्तीखर्च परवडत नाही.

राहिलं पेट्रोल आणि सीएनजी. हिशोब कागदावर करा. रोज जाऊन-येऊन ४० किलोमीटर, महिन्याला २६ दिवस, म्हणजे १,०४० किलोमीटर. पेट्रोलला खरं मायलेज १८ धरलं (जाहिरातीतलं २४-२५ विसरा) आणि दर १०५ धरला तर महिन्याला साधारण ६ हजार. सीएनजीला किलोमागं २५ किलोमीटर आणि दर ९५ धरला तर साधारण ३,९५०. म्हणजे महिन्याला २ हजार वाचले. त्याच गाडीची सीएनजी ७० हजारानं महाग मिळत असेल तर ते पैसे फिटायला जवळपास ३३ महिने लागतात. तुमच्या भागातले दर आणि तुमचे किलोमीटर घालून हे गणित पुन्हा मांडा, ते प्रत्येकाचं वेगळं येतं.

पैशापलीकडंही दोन गोष्टी आहेत. पंप तुमच्या रोजच्या वाटेवर आहे का आणि तिथं रांग किती असते. आणि डिकी सिलिंडरनं भरते, म्हणजे खताची दोन पोती, भाजीचं कॅरेट टाकायचं म्हटलं तर जागा नाही. सीएनजी घ्यायचीच तर कंपनीनं बसवलेली घ्या. बाहेरून किट बसवलेली असेल तर आरसीवर इंधनाच्या जागी सीएनजीची नोंद आहे का बघा. नोंद नसेल तर विम्याच्या वेळी अडचण होते. सिलिंडरची दर ३ वर्षांनी तपासणी करावी लागते, तिचा दाखलाही मागा.

आता सगळ्या पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्या त्याला धरून बनवल्यात. त्याआधीची घेतली तर मायलेज थोडं कमी धरा, आणि पेट्रोलचे रबरी पाइप सर्व्हिसिंगच्या वेळी बघायला सांगा. आपल्याच उसाचं इथेनॉल आहे, तक्रार तरी कुणाकडं करणार.

गाडी बघायला जाताना

सकाळी जा. आणि मालकाला आधीच सांगा, "आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका." बोनेटवर हात ठेवून बघा, गरम असेल तर काहीतरी लपवायचं असू शकतं. थंड इंजिन पहिल्या दणक्यात सुरू झालं पाहिजे. सुरू करताना मागून कुणीतरी सायलेन्सरकडं बघावं. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय, लांबच राहा. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जळतंय. थंडीत सुरुवातीला थोडी पांढरी वाफ येते, ती चालते, पण इंजिन गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला तर कूलंट आत जातंय. ऑइलचं झाकण उघडून आतून बघा. आत ताकासारखा पांढरट थर दिसला तर ऑइलमध्ये पाणी मिसळत असल्याची शंका घ्या.

टायरच्या बाजूला चार आकडी नंबर असतो. पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. गाडी २० हजार किलोमीटर चाललीय म्हणतात आणि चारही टायर बदललेत, तर विचारा का बदलले. एकाच बाजूनं झिजलेला टायर दिसला तर अलाइनमेंट तरी बिघडलंय, नाहीतर गाडी कुठंतरी आदळलीय.

आदळलेली गाडी ओळखायची तर बोनेट, दारं आणि डिकीच्या बोल्टकडं बघा. बोल्टवरचा रंग उडालेला असेल तर पाना लागलाय. पत्र्यांमधल्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का बघा. बंपर बदललेला असला तर घाबरू नका, आपल्या रस्त्यावर बंपर कुणाचा राहतो. पण पुढचा सांगाडा जिथं रेडिएटर बसतो तिथं वेल्डिंग दिसलं तर उठून घरी या.

पुरातल्या गाड्या हा आपल्याकडचा वेगळा विषय. २०१९ आणि २०२१ ला सांगली-कोल्हापूरला पूर आले, पाण्यात गेलेल्या गाड्या धुऊन-पुसून दुसऱ्या जिल्ह्यांत विकल्या जातात. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा, आतल्या टोकाला मातीची रेघ राहते. सीटखालच्या पट्ट्या गंजल्यात का, कार्पेटखाली कुबट वास येतो का, डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात गाळ आहे का हे बघा. अत्तराचा भारी वास मारणारी गाडी मला कधीच आवडत नाही.

मग चालवून बघा, आणि बाजारातून नको, खराब रस्त्यावरून चालवा. तिसऱ्या गिअरमध्ये चढाला घाला. इंजिनचा आवाज वाढतो पण गाडी पळत नाही म्हणजे क्लच संपला, किमतीतून तेवढे कमी करायला लावा. रिकाम्या सरळ रस्त्यावर स्टेअरिंग क्षणभर हलकं धरा, गाडी एका बाजूला ओढते का बघा. ब्रेक मारताना पायाखाली कंप जाणवतो का तेही बघा. आणि संध्याकाळी शक्य असेल तर दिवे लावून बघा. हेडलाइटच्या काचा पिवळ्या पडलेल्या असतील तर रात्री निम्मा उजेड पडतो.

आता माझी फसवणूक सांगतो. शहरातल्या एका एजंटाकडून गाडी घेतली. मीटरवर ३८ हजार. पांढरी स्वच्छ गाडी, बायकोलाही आवडली. दोन महिन्यांनी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नेली तर तिथल्या माणसानं नंबर टाकून कॉम्प्युटरवर दाखवलं, दीड वर्षापूर्वीच ती ९१ हजारावर सर्व्हिसिंगला आली होती. मीटर मागं फिरवलेला. एजंट म्हणाला मला मालकानं दिली तशी मी दिली. कागदावर कुठंच किलोमीटर लिहिलेले नव्हते, त्यामुळं बोलायला तोंड नाही. तेव्हापासून मी कुणालाही सांगतो की पैसे द्यायच्या आधी गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला न्या, सर्व्हिसचा इतिहास काढा आणि तपासणीही तिथंच करून घ्या. थोडे पैसे घेतात, पण घेऊ द्या. आणि करारात मीटरचे किलोमीटर लिहून घ्या. विकणारा सर्व्हिस सेंटरला यायला नाही म्हणाला तर तिथंच उत्तर मिळालं.

कागद

एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाका. नोंदणीची तारीख, कितवा मालक, विमा कधीपर्यंत, कर्जाचा बोजा आहे का, हे दिसतं. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर आरसीवरून घेऊन प्रत्यक्ष गाडीवर जुळवा, नुसतं "जुळतंय हो" वर जाऊ नका. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे द्यायचे नाहीत. वाहतूक पोलिसांची चलनं थकलीत का तेही त्यांच्या साइटवर बघा. १ एप्रिल २०१९ च्या आधी नोंदलेली गाडी असेल तर नवी उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवलीय का बघा. मोटारीला ती जीएसटी सोडून ७४५ रुपयांना बसते. दुसऱ्या राज्यातली गाडी असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी, फॉर्म २८, लागते. आपल्याकडं येऊन कर पुन्हा भरावा लागतो आणि नंबरही बदलतो. कर्नाटक-तेलंगणची गाडी स्वस्त का, याचं बऱ्याचदा हेच उत्तर असतं.

फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन गाडी घरी आणली, आणि ते फॉर्म कपाटात पडून राहिले, असं निम्म्या गावात आहे. हे फार घातक आहे. दोन्ही बाजूंना. सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये स्पष्ट केलं की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच कायद्यानं मालक, अपघाताची भरपाई त्याच्यावर. म्हणजे तुम्ही जुनी गाडी विकली आणि घेणाऱ्यानं नाव बदललं नाही, तर उद्या त्यानं कुणाला उडवलं की नोटीस तुमच्या घरी. विकणाऱ्यानं राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. सरकारी फी किरकोळ आहे.

विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करायला टाका. दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा, थर्ड पार्टी, गाडीबरोबर आपोआप येतो, पण तुमच्या गाडीचं नुकसान झालं तर पॉलिसी तुमच्या नावावर नसल्यानं दावा अडकतो. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्याचकडं राहतो, तो तुम्हाला मिळत नाही, तेवढा फरक भरायची तयारी ठेवा. थर्ड पार्टीचा हप्ता २०२२ मध्ये ठरला तो १,००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये आणि १,००० ते १,५०० सीसीला ३,४१६ रुपये, वर कर. अल्टो, १ लिटरची वॅगनआर, क्विड पहिल्यात बसतात, टियागो दुसऱ्यात.

पैशाचं एक सांगतो. हातात ३ लाख असतील तर अडीच-पावणेतीनची गाडी बघा. नावावर करणं, विमा, पहिली पूर्ण सर्व्हिस, बॅटरी, कदाचित दोन टायर, हे सगळं पहिल्या दोन महिन्यांत निघतं. उसाचं बिल आलं त्याच दिवशी गाडी बघायला जाऊ नये. खिसा गरम असला की डोळे आंधळे होतात.

अठरा होईपर्यंत किल्ली कुणाकडं

ज्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला ती गोष्ट ही.

गाडी दारात उभी आहे, पोरगं सोळा-सतराचं, त्याला ट्रॅक्टर येतो, गाडीही येते. आई म्हणते, "अरे, तेवढं दळण घेऊन ये." माझ्या पुतण्यानं असंच सोळाव्या वर्षी गाडी काढली, पंपावर जाताना म्हशीला चुकवायला गेला आणि चारीत घातली. गाडीत चुलत आजी होती. कुणाला काही झालं नाही, बंपर गेला. रात्री विम्याच्या एजंटाला विचारलं तेव्हा त्यानं कायदा सांगितला आणि भावाला झोप लागली नाही.

मोटार चालवायला वय १८ लागतं. सोळा वर्षांच्या पोराला पालकाच्या संमतीनं ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीचंच लायसन मिळतं, मोटारीचं शिकाऊ लायसनही नाही. ट्रॅक्टरलाही हाच कायदा. सप्टेंबर २०१९ पासून कलम १९९-अ लागू आहे. अल्पवयीन पोरानं गाडी चालवताना गुन्हा घडला तर पालक किंवा मालक दोषी धरला जातो. ३ वर्षांपर्यंत कैद, २५ हजार दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, आणि त्या पोराला २५ वर्षांचं होईपर्यंत लायसन मिळत नाही. भरतीची तयारी करणाऱ्या पोरांच्या बापांनी हे शेवटचं वाक्य पुन्हा वाचावं. लायसन लागणाऱ्या नोकऱ्या कितीतरी आहेत.

पैशाचा फटका त्याहून मोठा. लायसन नसलेल्यानं अपघात केला तर बऱ्याच निकालांत कोर्ट विमा कंपनीला आधी जखमीला किंवा मयताच्या घरच्यांना पैसे द्यायला लावतं आणि ते गाडीमालकाकडून वसूल करायची मुभा देतं. कमावता माणूस गेला असेल तर रक्कम लाखांत असते. आपल्यासारख्याकडं वसूल करण्यासारखं काय असतं? सातबारा. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाच्या गाडीखाली दोन तरुण अभियंते गेले, तेव्हा टीव्हीवर आपण सगळ्यांनी "श्रीमंतांची पोरं" म्हणून हळहळ केली. आपल्याच गावात सतरा वर्षांची किती पोरं पिकअप चालवतात ते मोजून बघा.

म्हणून दारात गाडी आली त्या दिवसापासून दुसरी किल्ली कुलपात. तोवर पोराला शिकवण्यासारखं भरपूर आहे. टायर बदलणं, ऑइलची पट्टी बघणं, कूलंट किती आहे, हवा किती पाहिजे, विम्याची तारीख कधी, पेट्रोलचा हिशोब वहीत लिहिणं. आमच्या घरी हे काम मुलीकडं आहे. ती अजून चालवत नाही, पण उंदरांनी वायर कुरतडली ते तिनंच ओळखलं. (धान्याच्या पोत्यांशेजारी गाडी लावत असाल तर रोज बोनेट उघडून बघत जा.)

अठरा पूर्ण झाले की शिकाऊ लायसन. आधार जोडलेलं असेल तर सारथी पोर्टलवर घरबसल्या परीक्षा देता येते. ते ६ महिने चालतं, आणि ३० दिवसांनंतर पक्क्या लायसनची चाचणी देता येते. चाचणीसाठी जिल्ह्याला जायची गरज नाही, आरटीओचा तालुक्याला कॅम्प असतो, तारीख बघून नंबर लावा. शिकाऊ असताना गाडीला पुढं-मागं लाल 'एल' लावायचा आणि शेजारी पक्कं लायसन असलेला माणूस हवाच.

नावावर करायची का?

गाडी बापाच्या नावावर राहिली तरी लायसन असलेलं पोर ती चालवू शकतं, विमा चालतो. पण एक गोष्ट एजंट सहसा सांगत नाही. पॉलिसीत जो १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो तो गाडीच्या मालकाचा, तोही तो स्वतः चालवत असेल आणि लायसन असेल तर. गाडी तुमच्या नावावर, चालवतंय पोरगं आणि त्यालाच काही झालं, तर तो १५ लाखांचा विमा त्याला लागू होत नाही. म्हणून गाडी पक्की त्याच्याकडंच राहणार असेल तर फॉर्म २९-३० भरून त्याच्या नावावर करा, विमाही त्याच्या नावावर. तसं करायचं नसेल तर त्याचा वेगळा अपघात विमा काढा. नावावर केली की तुमचा नो क्लेम बोनस मात्र गाडीबरोबर जात नाही. तो तुम्ही तुमच्या पुढच्या गाडीला वापरू शकता, कंपनीकडून तसं पत्र घेऊन ठेवा.

लायसन हातात आलं म्हणून लगेच रात्रीची गाडी देऊ नका. आपल्याकडं गळीत हंगाम सुरू झाला की दिवाळीपासून मार्चपर्यंत रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात. मागं दिवा नाही, रेडियम नाही, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या, आणि समोरून येणाऱ्याचा एलईडी डोळ्यात. पंचवीस वर्षं चालवणाऱ्यालाही ट्रॉली शेवटच्या क्षणी दिसते. पहिला हंगाम पोरानं अंधार पडायच्या आत घरी यायचं, आणि कधी उशीर झालाच तर तिथंच थांबून फोन करायचा, आपण मोटरसायकल घेऊन जायचं आणि गाडी आपण आणायची. माझ्या मुलीला पुढच्या जूनमध्ये अठरा पूर्ण होतील. हे तिच्याशी आत्ताच ठरलंय, तिनं वहीत लिहून घेतलंय.